मैत्री, प्रेम आणि स्वतःची किंमत: विदर्भातल्या खेड्यावर कादंबरी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. विचारणारे बहुतेक अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या बाजूचे आणि पहिलीच कादंबरी लिहिणारे. गोष्टही बहुधा एकच असते: लहानपणापासूनचे दोघं मित्र, त्यातल्या एकाला आपण कशाच्याच लायक नाही असं वाटतं, आणि पुढे त्या मैत्रीचं प्रेम होतं. गोष्ट चांगली आहे. ती अडते कुठे, त्याची ही उत्तरं.

१. मैत्रीतून प्रेमाकडे जाणारी कादंबरी साध्या प्रेमकथेपेक्षा वेगळी कशी?

साध्या प्रेमकथेत दोघं अनोळखी असतात आणि त्यांची ओळख होताना आपण बघतो. इथे ओळख आधीच झालेली आहे. त्याला तिच्या घरातली भांडणं ठाऊक आहेत, तिला त्याच्या बापाचं कर्ज ठाऊक आहे. वाचकाला पुढे ओढून नेणारी गोष्ट मग एकच उरते, ती म्हणजे हातातलं गमावण्याची भीती. प्रेम नाकारलं गेलं तर मैत्रीही जाईल. शहरात मैत्री तुटली की माणूस रस्ता बदलतो. खेड्यात तोच चेहरा रोज एसटीच्या थांब्यावर आणि किराण्याच्या दुकानात समोर येतो. ही भीती पहिल्या काही प्रकरणांतच पेरा.

२. प्रेम मिळालं आणि नायिकेला स्वतःची किंमत कळली, असं दाखवलं तर काय बिघडतं?

सगळंच बिघडतं. सर्वांत जास्त हस्तलिखितं इथेच पडतात. तो म्हणतो, "तू लय चांगली हायेस वं", ती रडते, आणि पुढच्या पानापासून ती बदललेली असते. अशी किंमत त्याच्या हातात राहते. उद्या तो दोन दिवस बोलला नाही की ती पुन्हा शून्यावर.

क्रम उलटा हवा. तिने आधी असं काहीतरी करावं ज्यात त्याचा काही फायदा नाही, शक्य असेल तर ज्याची त्याला खबरही नाही. मित्राने साक्षीदार असावं, प्रमाणपत्र देऊ नये. तिच्यात झालेला बदल त्याला उशिरा दिसला तर फारच उत्तम, कारण त्याला तो दिसणं हीच प्रेमाची सुरुवात ठरते. प्रेमाची कबुली म्हणूनच दुसऱ्या अर्ध्यात यावी. असा प्रसंग कोणता असू शकतो, ते सहाव्या प्रश्नात आहे.

३. कादंबरीत "विदर्भातलं एक गाव" एवढंच लिहिलं तर चालेल ना?

नाही चालणार. विदर्भात अकरा जिल्हे आहेत आणि पश्चिमेचं गाव पूर्वेच्या गावापेक्षा पार वेगळं. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम इकडे काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग म्हणजे झाडीपट्टी: धानाची बांधी म्हणजे भातखाचरं, मालगुजारांच्या म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले तलाव, मोहफुलं, उन्हाळ्यातला तेंदूपत्ता.

याचा प्रेमकथेशी थेट संबंध आहे. कापसाच्या गावात दिवाळीच्या आगेमागे घरातल्या बाया दिवसभर वेचणीला असतात. झाडीपट्टीत त्याच सुमारास मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, पाहुण्यांनी घर भरतं आणि रात्रभर नाटक चालतं. दोघांना एकत्र आणायचं निमित्त आणि त्यांना बघणारे डोळे दोन्हीकडे निराळे. एक पट्टा निवडा आणि त्यातल्याच एखाद्या तालुक्याचं पीकपाणी गावाला द्या. गावाचं नाव खुशाल काल्पनिक ठेवा.

४. गावात पोरगा-पोरगी दोन मिनिटं बोलली तरी बोभाटा होतो. मग ती दोघं भेटणार कुठे?

भेटायला जागा आहेत, फक्त त्या एकांताच्या नाहीत. तालुक्याला जाणारी सकाळची एसटी ही सगळ्यांत खरी जागा. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, त्यामुळे पाचवीपासून एकाच गाडीने जाणारे दोघं ही खोटी वाटणारी गोष्ट नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागतं. कादंबरी त्याआधीच्या काळातली असेल तर तिकिटाचे पैसे हाच एक प्रसंग होऊ शकतो.

दुसरी जागा अभ्यासिका. पोलीस भरती आणि एमपीएससीच्या नादात तालुक्याच्या गावांत वाचनखोल्या निघाल्या आहेत, तिथे दोघंही तासन्‌तास बसतात आणि कोणी हरकत घेत नाही. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुलंमुलीही आता गावाच्या नजरेला सरावली आहेत. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, गणपतीची वर्गणी, वावरातली वेचणी, लग्नाच्या पंगतीत वाढायला उभं राहणं, ही सगळी भेटण्याचीच ठिकाणं.

पण मला सगळ्यांत आवडतं ते भुलाबाईचं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असते. लहानपणी बहिणीचं बोट धरून गेलेला आणि बरोबर खिरापत ओळखणारा एखादा पोरगा मोठेपणी तिच्या आठवणीत कसा राहील, बघा. चित्रपटातल्यासारखी नदीकाठची भेट टाळा. पूर्णा असो की वैनगंगा, काठावर कोणीतरी गुरं घेऊन असतंच.

५. स्वतःची किंमत नायिकेनेच शिकायची का? नायकाने शिकली तर?

जरूर. मला तर आज विदर्भात हीच गोष्ट जास्त निकडीची वाटते. तिशी ओलांडलेला, पाच-सात एकर कोरडवाहू वावर असलेला, निर्व्यसनी पोरगा, आणि त्याला मुलगी मिळत नाही, हे प्रत्येक गावात दिसतं. मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात. मग काही जण पोराला पुण्यात कंपनीत चिकटवतात, लग्न उरकेपर्यंत. दर नकारागणिक घरात एक शब्द कमी बोलला जातो. आई सोयऱ्याधायऱ्यांना विनवते, बाप वावर विकून दुकान टाकायच्या गोष्टी करतो, आणि पोरगा स्वतःला "बिनकामाचा" म्हणू लागतो.

अशा नायकाला लहानपणची मैत्रीण भेटते, तेव्हा एक मोह आवरा: तिने नोकरी सोडून गावात येणं. त्याच्या आत्मसन्मानासाठी तिचा बळी नको. त्याने आपल्या कामाला स्वतः भाव द्यायला शिकावं. दहा वर्षं ठेवलेली पेरणी-पावसाची वही असेल, जमिनीची पारख असेल, बैलाचं आजारपण चालीवरून ओळखणं असेल. ही कौशल्यं आहेत आणि ती कादंबरीत कौशल्यं म्हणूनच दिसावीत. मैत्रिणीकडून कीव आली की तो मागे सरेल, आणि त्याने सरावंच. दुसऱ्या प्रश्नातला नियम त्यालाही लागू आहे.

६. "तिला स्वतःची किंमत कळली" हे वाक्य न लिहिता कसं दाखवू?

खेड्यात माणसाची किंमत तीन ठिकाणी ठरते: मजुरीत, जमिनीत आणि बोलण्यात. प्रसंग तिथेच शोधा.

मजुरीचा प्रसंग छोटा असतो. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना तिच्या गाठोड्यात रोज थोडी घट धरली जाते. सगळ्या बाया बघतात, कोणी बोलत नाही. एके दिवशी ती म्हणते, "पुन्हा मोजा." बस्स. एवढ्या दोन शब्दांसाठी आधीची साठ पानं खर्च करायची तयारी ठेवा.

जमिनीचा प्रसंग मोठा असतो, आणि त्याला कथानकाचा कणा करावं असं मी आग्रहाने सांगतो. बाप वारल्यावर भाऊ हक्कसोडपत्राचा, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद पुढे करतो. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला. २००५ साली केंद्राच्या कायद्यातही तो आला, आणि मुलीचा हा हक्क जन्मानेच असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर सह्या करायला आलेल्या बहिणी दिसतात. साडीचोळी मिळते, जेवण होतं, आणि सातबाऱ्यावर बहिणीचं नाव उरत नाही.

इथे भावाला खलनायक करू नका. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, दोन एकरांचे तुकडे करून कोणाचंच पोट भरणार नाही हे त्याचं म्हणणं खोटं नाही. तिलाही माहेर तुटायची भीती आहे. म्हणून तिने सही करावी की नाही, याला एकच बरोबर उत्तर नाही. ती कागद घरी घेऊन येते, ओळ न ओळ वाचते, "मले आठ दिवस दे" म्हणते, यातच तिचा बदल आला. आठ दिवसांनी तिने सही केली तरी ती पूर्वीची राहिलेली नाही.

बापजाद्यांच्या जमिनीचा प्रसंग सासरकडूनही येऊ शकतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली, त्यात पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. नायिकेच्या आजीच्या नावावर असा एखादा तुकडा असणं शक्य आहे, आणि ती आजी या घरात कशी बोलत असेल हे लिहायला मजा येईल. बोलण्याचा प्रसंग नवव्या प्रश्नात.

७. नायिका काळी-सावळी, जाड आहे. शेवटी ती सुंदर दिसू लागते, असं केलं तर?

करू नका. शेवटी बदललेला रंग आणि बारीक झालेली कंबर दाखवली, की आधी तिला नाकारणारे लोक बरोबरच होते, असं तुम्हीच सांगितलंत.

८. मैत्रीचं प्रेम नेमकं कोणत्या क्षणी होतं? आणि त्याआधी किती पानं जाऊ द्यावीत?

एक क्षण शोधत बसू नका, शेतीचा हंगाम धरा. जूनमध्ये मृगाची वाट, पेरणी, दुबार पेरणीची धास्ती. मग डवरणी, निंदण. श्रावणी अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. दसऱ्याच्या आसपास बोंडं फुटू लागतात, पहिल्या वेच्याला वावरात सीतादहीची पूजा होते. मग फेब्रुवारीपर्यंत वेचे, तुरीची सोंगणी, आणि त्यानंतर हातात पैसा आला की लग्नांचे दिवस. एका वर्षाच्या या चाकात तुमची सगळी कादंबरी बसते, आणि लग्नसराई आपोआप कालमर्यादा होते: चैत्र-वैशाखात तिचं लग्न दुसऱ्याशी ठरणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या चौकटीत मला तीन पायऱ्या पुरेशा वाटतात. आधी सवय मोडते. रोज एसटीत शेजारच्या बाकावर असणारा तो आठवडाभर नाही, आणि तिला राग येतो, पण कशाचा हे कळत नाही. मग नजर बदलते. ती काट्यावर "पुन्हा मोजा" म्हणाली हे त्याला दुसऱ्याकडून कळतं आणि तिच्याशी बोलताना तो पहिल्यांदा अडखळतो. तिसरी पायरी धोक्याची. दोघांपैकी कोणीतरी असं काही बोलतो जे थट्टेवारी नेता येत नाही.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम या तिसऱ्या पायरीसाठी उत्तम, पण तो सगळ्यांनीच वापरलाय. तुम्ही वापरणार असाल तर खुर्च्या आणायला आलेला मित्र दारात उभा राहून ऐकतोय, हे नको. त्यापेक्षा पाहुणे गेल्यावर उष्ट्या बशा घासताना तिने आईला पहिल्यांदा काय सांगितलं ते लिहा. मित्र त्या पानावर नसला तरी हरकत नाही.

९. संवाद वऱ्हाडीत लिहू का? पुण्या-मुंबईचे वाचक तुटतील अशी भीती वाटते.

लिहा. तुटत नाहीत. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवले की दोन पानांत वाचकाचा कान बसतो. "काऊन वं, चूप काऊन बसली?" "मी येऊन राह्यली ना बापा." यातलं काय कळत नाही?

मात्र बोली एकसारखी ठेवा. वऱ्हाडीत शाळेची शाया होते, डोळ्यांचे डोये होतात, "मला"चं "मले" होतं. झाडीबोलीत हाच ळ बहुधा र होतो, डोळ्याचा डोरा. नागपूर शहराचं "बे" वाशीमच्या आजीच्या तोंडी घालू नका. संबोधनांकडेही लक्ष द्या. बरोबरीच्या मैत्रिणीला "वं", मित्राला "गा" किंवा "लेका", आणि दोघांच्या मैत्रीत "अबे-काबे" किती चालतं हे तुमच्या गावावरून ठरवा. नवरा म्हणून बोलू लागल्यावर त्याचं "वं" राहतं, पण ती "तू" म्हणत राहील की "तुमी" म्हणू लागेल? मित्राला आयुष्यभर "तू" म्हटलेल्या पोरीला लग्नानंतर चारचौघांत "तुमी" म्हणायला लावतात, तेव्हा एक पूर्ण प्रकरण आपसूक तयार होतं.

आणि हा मुद्दा थेट आत्मसन्मानाचा आहे. वसतिगृहात, मुलाखतीत, कंपनीत "तुझं मराठी असं कसं?" म्हणून हसण्यावारी गेलेली मुलं इथे घरोघरी आहेत. ती बोलणं कमी करतात, मग जपून बोलतात, मग घरी फोनवरसुद्धा बेतशीर बोलू लागतात. तुमची नायिका ज्या दिवशी दहा लोकांच्या सभेत आपल्या बोलीत, आवाज न दबवता बोलेल, त्या दिवशी वाचकाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

१०. जातीचा उल्लेख टाळला तर कादंबरी सगळ्यांना आपली वाटेल का?

कोणालाच आपली वाटणार नाही. विदर्भातल्या गावात घर कोणत्या वस्तीत आहे हे सांगितलं की अर्धी कथा सांगून झाली. दोन मित्र लहानपणी एकमेकांच्या घरी जेवले की नाही, हा प्रश्न तुम्ही टाळू शकत नाही. आडनाव काढून टाकलं तरी वाचक ते शोधतोच.

शिवाय आत्मसन्मान हा विषय या मातीत आत्मसुधारणेच्या पुस्तकांतून आलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी पायी, बंडीने, रेल्वेने गेलेली माणसं इथल्याच खेड्यांतली होती. बौद्ध कुटुंबातल्या नायिकेकडे आजी-आजोबांकडून आलेला ताठ कणा असतो आणि तिला तो गावात रोज वापरावाही लागतो. तिला स्वाभिमान शिकवणारा सवर्ण मित्र दाखवणं ही गंभीर चूक होईल. शिकायचं असेल तर त्याने शिकावं: आपल्या घरात तिच्यासाठी वेगळा कप ठेवला जातो हे त्याने इतकी वर्षं पाहिलं आणि काही बोलला नाही.

११. दोघं एकाच गावचे. गाव त्यांना भाऊबहीण मानतं, तिने लहानपणी राखीही बांधली होती. मग?

अवघड आहे, पण अशक्य नाही. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न चालतं आणि शेजारघरच्या पोराशी चालत नाही, ही विसंगती गावाला खटकत नाही. तुमच्या पात्रांना ती खटकू द्या. राखी मात्र हलकेपणाने घेऊ नका. पाचवीत शाळेने सगळ्या मुलींना बांधायला लावलेली राखी वेगळी, आणि सख्खा भाऊ नाही म्हणून दरवर्षी त्याच्या घरी जाऊन बांधलेली वेगळी. दुसरी असेल तर माझा सल्ला, तिथे प्रेम जोडू नका. ते नातं तसंच सुंदर आहे, त्याला मोडून प्रेमकथा करण्याची गरज नाही.

१२. नायिका आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा आणि नायक त्या दोघांचा जुना मित्र, असं चालेल का?

चालेल, पण आत्महत्या पहिल्या पानावर लक्ष वेधायला वापरू नका. या घरांनी पत्रकार आणि पुढारी बरेच पाहिले आहेत. लिहायचं असेल तर त्यानंतरचं लिहा. १ लाखाची सरकारी मदत मिळण्यासाठी प्रकरण "पात्र" की "अपात्र" हे जिल्ह्याची समिती ठरवते, आणि नवऱ्याच्या मरणावर अपात्रचा शिक्का बसलेली बाई स्वतःकडे कशी बघत असेल? सासरच्यांचा जमिनीवर डोळा, हळदीकुंकवाला न बोलावणं, पोराची फी. मित्र इथे मदतीला येतो, आणि मदतीचं ओझं प्रेमाला चिरडतं. तिने त्याचे पैसे परत केल्याशिवाय कबुलीचा प्रसंग लिहू नका.

१३. घरचे ऐकत नाहीत. दोघांनी पळून जाऊन लग्न करावं का?

कायदा नीट लिहा, एवढंच सांगतो. वय मुलीचं १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. दोघं हिंदू किंवा बौद्ध असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने लग्न होतं, कारण तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा: विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती कार्यालयात लावली जाते, हरकतीसाठी ३० दिवस, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. कार्यालयात ओळखीचा माणूस निघेल का, या धाकात काढलेले ते ३० दिवस कोणत्याही पाठलागापेक्षा जास्त थरारक आहेत. जातपंचायतीचा बहिष्कार दाखवणार असाल तर महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, हे पात्रांपैकी एकाला तरी ठाऊक असू द्या.

रात्री मोटारसायकलवर बसून निघणारी जोडी वाचायला छान वाटते. पण जी पोरगी सहाव्या प्रश्नातला कागद ओळ न ओळ वाचायला शिकली, ती न सांगता जाईल का, हे तिलाच विचारा. बऱ्याचदा ती दिवसाढवळ्या, आईला सांगून, सकाळच्या गाडीने जाईल.

१४. एकालाच प्रेम झालं आणि दुसऱ्याला नाही, तर ती या प्रकारची कादंबरी राहते का?

प्रेमकथेच्या अपेक्षेने आलेला वाचक नाराज होईल, हे गृहीत धरा आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या मजकुरात तसं सूचित करा. पण लिहायची असेल तर मनापासून लिहा. आपल्याकडच्या कितीतरी गोष्टींत नकार म्हणजे फक्त उशिरा येणारा होकार असतो, आणि पोरगा हट्टाने मागे लागतो. तुमच्या नायकाने तिचं "नाही" पहिल्याच वेळी ऐकावं. मग पुढच्या हंगामात, काट्यावर, एसटीत, पंगतीत त्या दोघांनी एकमेकांसमोर कसं उभं राहायचं, याची जुळवाजुळव लिहा. त्याला वाईट वाटू द्या, तिला अपराधी वाटू द्या. आणि तिने मैत्री टिकवण्यासाठी होकार देण्याचा विचार एकदा तरी केला असेल, ते पान वगळू नका. त्या पानावर ती जे ठरवते, त्यासाठीच वाचकाने तिच्यासोबत एवढी वाट चाललेली असते.